मदत हवी आहे : वळिवडे येथील पोलिश छावणी आणि मार्झाना

पोलंडमधील ख्रिस्तपूर्व परंपरेतून आलेल्या मार्झानाच्या प्रथेवर मी एक टिपण लिहीत आहे. गवताचा पुतळा करून, त्याला जुने कपडे व रंगीत फिती नेसवून, हिवाळ्याचे आणि मृत्यूचे रूप म्हणून गावभर मिरवतात आणि शेवटी पेटवून नदीत सोडतात. परतताना मागे वळून पाहायचे नाही आणि पाण्यात पडलेल्या पुतळ्याला हात लावायचा नाही, असा दंडक असे. त्यानंतर फितींनी सजवलेली हिरवी फांदी गावात आणली जाई. १४२० साली पोझ्नान येथील धर्मसभेने या प्रथेला मनाई केली, तरी ती टिकली. पूर्वी ती ईस्टरपूर्व उपवासातील चौथ्या रविवारी पाळत. आता बहुधा २१ मार्चच्या सुमारास शाळकरी मुलेच ती हौसेने करतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते आणि त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. छावणीत पोलिश शाळा होत्या आणि पंचगंगाही जवळच होती. त्यामुळे तेथे मार्झाना बुडवली जात असे काय, हा माझा प्रश्न आहे. वळिवडे, गांधीनगर वा उचगाव परिसरातील कोणाच्या घरी वडीलधाऱ्यांनी सांगितलेली अशी आठवण, छायाचित्र किंवा पत्र असल्यास कृपया कळवावे. होळीशी साम्य दाखवणारे तर्क मात्र नकोत, ते माझ्याकडे भरपूर जमले आहेत.