शोरूमची नोकरी कशी सोडलीत? (अनुभव धागा)

परवा मित्राची नवी गाडी आणायला बाणेरला गेलो होतो. सगळं तेच. गाडीवर लाल सॅटिनचं कापड, चाकाखाली लिंबू, पुठ्ठ्याची हातभर किल्ली, पेढ्यांचा बॉक्स. फोटोच्या वेळी मित्राची आई म्हणाली, "अरे, या मुलालाही घ्या की." सेल्सचा पोरगा हसला, "काकू, मग फोटो कोण काढणार?" हे वाक्य मी सात वर्षं म्हटलंय.

त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कामच ते. मला बाहेर काढलं २०२५ च्या दसऱ्यानं. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि लगेच बुकिंगवाल्यांचे फोन सुरू: "डिलिव्हरी आत्ता नको, थांबू." ३ सप्टेंबरला छोट्या गाड्यांचा दर २८ वरून १८ टक्के ठरला, पण लागू २२ पासून. मध्ये अख्खा पितृपक्ष. गणपतीचा मुहूर्त इतका कोरडा गेलेला मी कधी पाहिला नव्हता. तरी रोज संध्याकाळी मीटिंग, उभ्यानं, आणि एकच प्रश्न: "तुझा आकडा शून्य का?" मग घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत नुसती झुंबड. पीडीआय (डिलिव्हरीआधीची तपासणी), विमा, पासिंग, नंबरप्लेट, रात्रीचा एक वाजायचा. चतुःशृंगीची जत्रा घराजवळ असून एकदाही गेलो नाही.

इन्सेंटिव्ह आला तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरचा स्लॅब, म्हणजे विक्रीचा ठरलेला टप्पा, हुकलेला, म्हणून शून्य. आणि ऑक्टोबरचा अर्धा! कारण? "गाड्या दर उतरले म्हणून गेल्या, तुम्ही काय विशेष केलंत?" ऑगस्टमध्ये मात्र दर उतरणार म्हणून गाड्या अडल्या, असं कुणी म्हटलं नव्हतं. फराळाचा बॉक्स घेतला आणि राजीनामा दिला.

आता भोसरीत औद्योगिक पंप विकतो. पंपाला कुणी हार घालत नाही, पण रविवार माझा असतो.

तुम्हीही लिहा. कंपन्यांची आणि माणसांची नावं नकोत. कधी ठरवलंत आणि पुढे काय केलंत, तेवढं पुरे.

जॉबकार्ड

मी सर्व्हिस ॲडव्हायजर होतो, वाकडच्या बाजूला. आमचं दुखणं म्हणजे फीडबॅकचा फोन. ग्राहकानं दहापैकी आठ दिले तर त्याच्या मते कौतुक, आमच्याकडे नापास. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त सरांना मी हात जोडून दहा मागितले होते. म्हणाले, "दहापैकी दहा मी चाळीस वर्षांत कुणाला दिले नाहीत. तुम्हाला साडेआठ देतो, फार झाले." फॉर्मात साडेआठ नव्हतेच. आठ टाकले.

पण निघालो त्याचं कारण वेगळं. २५ जुलै २०२४, सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तो दिवस. त्यानंतर टोइंगवरून गाड्याच गाड्या. दार उघडलं की बुटांवर गढूळ पाणी, सीटखाली चिखल, डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या गळ्यात शेवाळ. त्यात लोकांनी घाबरून सेल (स्टार्टर) मारलेला. इंजिनात पाणी असताना सेल मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनाचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर विमावाले बहुतेक हात वर करतात. हे ग्राहकाला समजावून सांगायचं काम आमचं. एक बाई माझ्यासमोर खुर्चीत बसून नुसत्या रडल्या, गाडीचे तीनच हप्ते भरून झाले होते.

माझं भाड्याचं घरही त्याच पट्ट्यात, तळमजल्यावर. त्या सकाळी आईला आणि गॅसची टाकी वरच्या मजल्यावर नेऊन अकराला कामावर पोचलो, मग रात्री दहापर्यंत यार्डात. पगाराच्या चिठ्ठीत अर्धा दिवस कापलेला. एचआरला विचारलं, तर म्हणे पंचिंग अकराचं आहे.

त्याच आठवड्यात विम्याच्या क्लेमसाठी नुकसान तपासायला येणाऱ्या एका सर्व्हेअरनं माझे फोटो आणि नोंदी बघून विचारलं, "डिप्लोमा आहे ना मेकॅनिकलचा? मग इथे काय करताय?" आधी वाटलं हाकलतोय. सध्या त्यांच्याच हाताखाली शिकतोय. परीक्षा आणि परवाना बाकी आहे. पैसे तूर्त कमीच आहेत, खोटं कशाला सांगू.

दहाचा पाना

औंध आयटीआय, मोटर मेकॅनिक. सहा वर्षं रॅम्पवर. बिघाड आम्ही शोधायचा आणि एसीत बसून ग्राहकाला सांगायचा ॲडव्हायजरनं. "आम्ही शोधून काढलं सर." आम्ही म्हणजे कोण, ते ग्राहकाला कधी कळलं नाही. काचेच्या पलीकडून आमचे पाय तेवढे दिसायचे.

आता धायरीत स्वतःचं गॅरेज आहे, दोन रॅम्प. पाना अजूनही हरवतो, फक्त दंड कुणी लावत नाही.

जॉबकार्ड

भाऊ, टोमणा पोचला. आणि खरं आहे ते.

रिन्युअल डेस्क

मी विम्याच्या रिन्युअलला होते, दिवसभर फोन. सिस्टीममध्ये सगळं असतं म्हणतात, पण कुणाला कधी फोन करायचा, कुणाच्या घरी नुकतंच काय घडलंय, ते माझ्या वहीत होतं. बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तर मीच शिकवलेला मुलगा टीम लीडर. त्याचा काही दोष नव्हता, बिचारा मला "मॅडम" म्हणून सूचना द्यायचा आणि स्वतःच लाजायचा.

राजीनामा दिल्यावर साहेब एवढंच म्हणाले, "वही ठेवून जा." ठेवली, माहिती ग्राहकांची होती, माझी नव्हे. पुढच्या पंधरा दिवसांत तीन फोन आले. "मॅडम, 'गु.सा.' म्हणजे काय?" गुरुवारी सायंकाळी, अजून काय! तिसऱ्या फोनला नवरा म्हणाला, आता सल्ल्याची फी लाव.

सध्या एका हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कवर आहे. कटकट तितकीच, पण इथे लोक डिस्चार्जच्या वेळी आठवणीनं भेटून जातात.

माजी मॅनेजर

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. मीटिंग उभ्यानं घेणारा मीच असायचो. मालकाची बाजूही बघा. यार्डातली प्रत्येक गाडी बँकेच्या पैशावर उभी असते, व्याज रोज चढतं. मागणी नसली तरी कंपनी महिनाअखेरीला गाड्या ढकलते. आणि त्या सप्टेंबरात गाड्यांवर जीएसटीच्या वर लागणारा सेस रद्द झाला, तेव्हा आधीच भरलेल्या सेसचं क्रेडिट डीलरांच्या गळ्यात अडकलं. अर्धा इन्सेंटिव्ह कापला त्यामागे हेही असू शकतं. मीही नंतर सोडलंच. वरून शिव्या खायच्या आणि खाली द्यायच्या, त्यात ॲसिडिटी झाली.

धागाकर्ता

मान्य. पण हे तेव्हा बसवून सांगितलं असतं तर? "यंदा मालक अडकलाय, अर्धेच घ्या," एवढं बोलला असता कुणी, तर मी कदाचित थांबलो असतो. "तुम्ही काय विशेष केलंत" हे लागलं.

माजी मॅनेजर

हं. ते वाक्य मीही कुणाला तरी बोललो असेन.

अजून आतच

मी अजून नोकरीत आहे, नगर रोडला. चार वर्षं झाली. चाकणला एका गोदामात डिस्पॅचचं बघायची ऑफर आहे, पगार थोडा बरा, बस कंपनीची. ग्रॅच्युइटीसाठी थांबू का?

धागाकर्ता

कायम नोकरी असेल तर पाच वर्षं सलग लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम बदलायच्या आधीचा हिशोब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. आधी पगाराच्या चिठ्ठीत मूळ पगार बघ. शोरूमवाले तो मुद्दाम बारका ठेवतात, बाकी सगळं भत्ते आणि इन्सेंटिव्ह. माझे सात वर्षांचे हातात आले तेव्हा मला वाटलं, कारकुनानं एक शून्य खाल्लं.

आणि निघताना रिलीव्हिंग लेटर घे, टेस्ट ड्राइव्हच्या गाडीची किल्ली पावती घेतल्याखेरीज परत देऊ नकोस. माझ्या नावावर अजून एक हरवलेली किल्ली आहे म्हणतात.