नगरपरिषदेत नागरी सुरक्षेसाठी स्वतंत्र समिती हवी की नको?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

२०२५ च्या डिसेंबरमध्ये निवडणुका झाल्या आणि जवळजवळ चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर कोकणातल्या नगरपरिषदांच्या सभागृहांत लोकांनी निवडून दिलेली माणसे पुन्हा बसली. विषय समित्यांवर कोणाची वर्णी लागली, याची चर्चा चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळीकडे झाली. परंतु शहरात आग लागली, पाणी भरले किंवा जुनी इमारत कलली, तर धावून जाणाऱ्या यंत्रणेवर वर्षभर लक्ष कोणत्या समितीने ठेवायचे, हा प्रश्न मला कुठेच ऐकू आला नाही.

महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ नुसार आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित-वित्ताचे रक्षण करणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवा नावानिशी आहे. मात्र त्याच अधिनियमातल्या विषय समित्यांची यादी पाहावी: सार्वजनिक बांधकाम, शिक्षण व क्रीडा, स्वच्छता व आरोग्य, पाणीपुरवठा, नियोजन, महिला व बालकल्याण. अग्निशमनाला त्यात स्वतःचे घर नाही. त्यामुळे नवा बंब घ्यायचा असला किंवा जुन्याची दुरुस्ती काढायची असली की तेवढ्यापुरता हा विषय सभेपुढे येतो, निविदेचा ठराव होतो आणि पुन्हा वर्षभर त्याचे नाव निघत नाही.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात काय झाले ते येथे नव्याने सांगण्याची गरज नाही. त्या पुरानंतर भोंगा किती वाजता वाजला, बोटी कोठे होत्या, त्या चालवणारे कोण होते, या गोष्टींची सभागृहाने एकेक करून तपासणी करायला हवी होती. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात सभागृहाची मुदत संपली आणि प्रश्न विचारणारी खुर्चीच चार वर्षे रिकामी राहिली. तेव्हा माझे म्हणणे असे की, अग्निशमन, पूर-बचाव, इशारा यंत्रणा आणि धोकादायक इमारती एवढे चार विषय एका समितीकडे सोपवावेत. तिने महिन्यातून एकदा बसावे, वर्दीची (म्हणजे आगीच्या किंवा मदतीच्या खबरीची) नोंदवही आणि बंबाचे लॉगबुक समोर ठेवून वर्दी किती वाजता आली, गाडी किती वाजता निघाली आणि किती वाजता पोहोचली हे वाचावे, आणि जे विचारले त्याचे उत्तर इतिवृत्तात घ्यावे.

निवृत्त अग्निशामक

आपली कळकळ मला समजते, तरीही या प्रस्तावाला माझा विरोध आहे. कोकणातल्या एका नगरपरिषदेच्या केंद्रात माझी नोकरी गेली, म्हणून आतली बाजू मांडतो.

समिती झाली की सभापती होतो, आणि सभापती झाला की त्याचा फोन केंद्रावर येऊ लागतो. एकाच वेळी दोन वर्द्या आल्या तर पहिला बंब कोणीकडे पाठवायचा, हा निर्णय केंद्रप्रमुखाने जागच्या जागी घ्यायचा असतो. तेथे प्रभागाचा विचार शिरला की माणसे मरतात. दुसरी गोष्ट अशी की, मे महिन्यात टंचाई आली की बंबातून पाणी वाटा, पालखीच्या आधी रस्ता धुऊन द्या, मैदानावर पाणी मारा, ही कामे आजही तोंडी सांगितली जातात. अशा कामात पंप चालवून चालवून त्याचे सील जाते, आणि खरी आग लागली की दाब मिळत नाही. समिती असली तर हीच कामे तोंडी न येता ठरावाने येतील, एवढाच फरक पडेल.

खरा आजार मनुष्यबळाचा आहे. नगरपरिषदेचा आकृतिबंध, म्हणजे कोणती पदे किती असावीत ही रचना, शासन मंजूर करते. पद मंजूर नसेल तर समितीने शंभर वेळा विचारून काय होणार? कंत्राटी चालक बंब चालवतो, सफाई विभागातून आलेला कर्मचारी होज पाइप धरतो, आणि मुंबईत कालिन्याला राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात रीतसर शिकलेला फायरमन एका पाळीत एखादाच सापडतो. आम्हाला देखरेख नको आहे, माणसे हवी आहेत.

अर्जुनातीर (राजापूर)

राजापुरात अर्जुना आणि कोदवली नद्यांचे पाणी जवाहर चौकात येणे हे आमच्या पावसाळ्याचे ठरलेले अंग आहे. व्यापारी माल वरच्या फळीवर चढवतात आणि पाणी उतरण्याची वाट पाहतात. अशा लहान नगरपरिषदेत आणखी एक समिती म्हणजे त्याच चार-पाच नगरसेवकांची आणखी एक सही, ही भीती मलाही वाटते.

तरी वर अग्निशामक साहेबांनी जे लिहिले, त्यातून मला नेमका उलटा अर्थ निघताना दिसतो. तोंडी आदेशाची तक्रार आहे ना? मग आदेश कोणी, कधी आणि कशासाठी दिला, हे लिहून ठेवणारी जागा हवी. बंब रस्ता धुवायला गेला असेल तर लॉगबुकात तसे लिहिले जावे आणि महिन्याच्या बैठकीत ते सर्वांसमोर वाचले जावे. ज्याला हे वाचले जाईल हे ठाऊक आहे, तो दुसऱ्यांदा सांगण्यापूर्वी विचार करील. नवी समिती न नेमता पाणीपुरवठा किंवा आरोग्य समितीकडे हा विषय सर्वसाधारण सभेच्या ठरावाने सोपवला, तरी लहान गावांचे भागेल असे मला वाटते.

कायदा वाचक (रत्नागिरी)

चर्चा भावनेवर जाऊ नये म्हणून अधिकारक्षेत्राचा प्रश्न मांडतो. अमेरिकेतल्या अनेक शहरांत पोलीस आणि अग्निशमन दोन्ही शहराच्या अखत्यारीत असतात. म्हणून तेथील परिषदेची सुरक्षा समिती दोघांचेही अंदाजपत्रक तपासू शकते आणि प्रमुखाला बोलावून जाब विचारू शकते. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली चालणाऱ्या ठाण्याला नगरपरिषद वाहतुकीसाठी विनंतीपत्र देईल, जाब विचारू शकणार नाही. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी २०१४ च्या दुरुस्तीने वेगळे प्राधिकरण आहे.

आपत्तीचेही तेच आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. कोळकेवाडी धरणाचे पाणी कोयना प्रकल्पाचे, लोटे परशुरामच्या कारखान्यांचा परिसर औद्योगिक विकास महामंडळाचा, नदीची निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा विभागाची. नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकारही १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. मग या समितीच्या हाती उरते काय? उलट धोका असा की, उद्या दुर्घटना घडली तर प्रशासन समितीकडे बोट दाखवील, समिती प्रशासनाकडे, आणि आज मुख्याधिकाऱ्यांवर जी जबाबदारी स्पष्टपणे आहे ती दोघांत वाटली जाऊन कोणाचीच राहणार नाही. माझा विरोध या विरघळणाऱ्या जबाबदारीला आहे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

आपण अधिकारांची जी विभागणी दाखवली ती खरी आहे, आणि पोलीस या प्रस्तावात नाहीत हे मी स्पष्ट करतो. परंतु आपण ज्या २००५ च्या अधिनियमाचा आधार घेतला, त्याचेच कलम ४१ स्थानिक प्राधिकरणावर कर्तव्य टाकते: आपले अधिकारी व कर्मचारी प्रशिक्षित असावेत आणि आपत्तीची साधने तत्काळ वापरता येतील अशा स्थितीत ठेवलेली असावीत. हे कर्तव्य जिल्हाधिकाऱ्यांचे नाही, नगरपरिषदेचे आहे. ते पाळले गेले की नाही, हे पावसाळ्यापूर्वी कोण पाहते?

एक पाहिलेली गोष्ट सांगतो. गावाचे नाव घेत नाही. पावसाळा तोंडावर असताना एका गोदामात काही नागरिकांनी रबरी बोट पाहायला मागितली. ती घडी घालून, फाइलींच्या गठ्ठ्यांखाली ठेवलेली होती. उलगडली तेव्हा घडीच्या जागी रबर एकमेकांना चिकटलेले, झडपेचे टोपण नाहीसे, आणि इंजिन दुसऱ्या इमारतीत, त्याची किल्ली ज्याच्याकडे होती तो कर्मचारी रजेवर. साठा नोंदवहीत मात्र ‘बोट – सुस्थितीत’ अशी नोंद होती आणि खाली सही होती. नोंद करणाऱ्याने बोट उघडून पाहिली नव्हती, आणि नोंद वाचणाऱ्याने ती खरी आहे का हे विचारले नव्हते, कारण ती वाचणारा कोणी नव्हताच. या बोटीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागत नाही, शासनाचा आकृतिबंध आड येत नाही. मे महिन्यात तीन सदस्यांनी जाऊन ती पाण्यात उतरवून दाखवा म्हणणे एवढेच पुरे होते.

कोळकेवाडीच्या विसर्गावर आमचा अधिकार नाही, हेही मान्य. पण विसर्गाची सूचना नगरपरिषदेला कोणत्या मार्गाने येते, रात्री दोन वाजता ती कोण घेतो, आणि वाशिष्ठीने इशाऱ्याची पातळी गाठल्यावर भोंगा वाजवण्याचा निर्णय कोण घेतो, हे आमच्या घरातले प्रश्न आहेत. आणि प्रकल्पाला पत्र पाठवून उत्तर मागितले, तर उत्तर आले किंवा आले नाही, यांपैकी काहीतरी इतिवृत्तात राहते. २०२१ नंतर उपोषणे झाली तेव्हा कुठे नदीतला गाळ उपसण्याला गती आली, हे चिपळूणकर विसरलेले नाहीत. रस्त्यावर बसून जे विचारावे लागले, ते समितीत बसून आधी विचारता आले असते.

पेठेतला व्यापारी

माझी भीती वेगळी आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. तो बहुतेक ठिकाणी दिला जात नाही, हे मी नाकारत नाही. आता समिती आली, की सभापती आपल्या माणसांसह पेठेत फेरी मारणार आणि ज्याने निवडणुकीत विरोधात काम केले त्याच्या दुकानात आधी शिरणार. कायदा सर्वांना सारखा लावा, मी आनंदाने खर्च करीन. निवडून निवडून लावणार असाल तर समिती नको.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

ही भीती रास्त आहे आणि तिचे उत्तर कायद्यातच आहे. तपासणीचा आणि नोटिशीचा अधिकार अग्निशमन अधिकाऱ्याचा आहे, नगरसेवकाचा नाही, आणि तो तसाच राहावा. समितीने वर्षातून दोनदा संपूर्ण यादी मागावी: किती इमारतींना दाखला लागू आहे, कितींनी दिला, बाकीच्यांना नोटीस गेली का. यादी पूर्ण असली की निवडून छळण्याला जागा कमी उरते.

खाडीपलीकडे (मुरूड)

आगीवर आणि पुरावर एवढे बोलणे चालले आहे, पण किनारा कोणीच घेतला नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. त्यानंतर फलक लागले, चर्चा झाल्या. परंतु फलक माणसाला पाण्यातून बाहेर काढत नाही. जीवरक्षक किती, त्यांचे मानधन वेळेवर निघते का, शनिवार-रविवारी आणि ओहोटीच्या वेळी ते नेमके कोठे उभे असतात, त्यांच्याकडे दोर, फ्लोट आणि शिट्टी आहे का, हे पाहणारे कोणी हवे. ज्या नगरपरिषदांच्या हद्दीत किनारा आहे त्यांनी तरी ‘नागरी सुरक्षा’ या शब्दांत समुद्र धरावा. तारकर्ली किंवा गणपतीपुळे येथे ग्रामपंचायत आहे, तेथे वेगळा विचार करावा लागेल. तो या चर्चेत सुटणार नाही.

कायदा वाचक (रत्नागिरी)

कलम ४१ चा मुद्दा मी स्वीकारतो. तो स्वीकारूनही एक अडचण उरते. आणीबाणीत नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ५८(२) खाली नगराध्यक्ष थेट आदेश देतात, आणि त्याचा अहवाल सभेपुढे ठेवणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात असा अहवाल ऐनवेळच्या विषयात घुसवून दोन मिनिटांत मंजूर होतो. स्थायी समितीचे पदसिद्ध सभापती नगराध्यक्षच. आता सुरक्षेची समितीही बहुमतवाल्या गटाच्याच हाती असेल, तर आपल्याच नगराध्यक्षांच्या आणीबाणीतल्या खरेदीवर ती प्रश्न विचारील, असा भरवसा कशाच्या बळावर ठेवायचा? सभापतिपद विरोधी गटाला देण्याचा पायंडा एखाद्या नगरपरिषदेने घालून दाखवला, तर मी माझे मत बदलीन. तोपर्यंत माझा विरोध कायम आहे.

निवृत्त अग्निशामक

बोटीचा प्रसंग वाचला. अशी बोट मीही पाहिली आहे, त्यामुळे त्यावर वाद घालत नाही. तरी समिती करायचीच असेल, तर काही गोष्टी आधी ठरावात लिहून घ्या. वर्दी चालू असताना कोणत्याही सदस्याने केंद्रावर फोन करायचा नाही. जे विचारायचे ते बैठकीत. एकट्या सदस्याने केंद्राला भेट द्यायची नाही. गेले तर समिती म्हणून, मुख्याधिकाऱ्यांना कळवून. बंब आगीखेरीज दुसऱ्या कामाला न्यायचा असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या लेखी आदेशानेच, आणि तो आदेश लॉगबुकाला जोडलेला असला पाहिजे.

आणि पहिल्या बैठकीचा पहिला विषय माझ्याकडून घ्या. मंजूर पदे किती, भरलेली किती, प्रशिक्षित किती, आणि रात्रपाळीला प्रत्यक्षात कोण असतो, हे चार आकडे केंद्रप्रमुखाकडून सहीनिशी मागवा. ते आकडे घेऊन आकृतिबंधासाठी शासनाकडे प्रस्ताव पाठवा आणि दर बैठकीत त्याचे काय झाले ते विचारा. एवढे एक वर्ष सातत्याने झाले, तर केंद्रात बसणारी पोरे तुमच्या समितीला स्वतःहून नोंदवही आणून दाखवतील. कालिन्याच्या पुढच्या तुकडीत आपली दोन माणसे तरी जायला हवीत, तेव्हा तो प्रस्ताव लांबवू नका.