मदत हवी आहे: केटामाइन तासांत, गोळ्या आठवड्यांत, असं का?

तापीकाठ (चोपडा): नैराश्याच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी पानभर माहिती लिहायची आहे. दोन वेगवेगळ्या गोळ्या पुऱ्या मात्रेत, पुरेसे दिवस देऊनही उतार नसेल तर केटामाइन या भुलीच्या औषधाचं सलाईन, इथवर जमलं. पण ग्लुटामेट (मेंदूच्या पेशींना चेतवणारं रसायन) ज्या दारातून काम करतं तो एनएमडीए रिसेप्टर केटामाइनने बंद केल्यावर ग्लुटामेट उलट वाढतं कसं, हे सोप्यात कसं सांगावं?

केळीबाग (रावेर): दादा, ठिबकचा ड्रिपर डोळ्यासमोर आणा. पाणी चालू असेल तरच खडा आत जाऊन बसतो. केटामाइनही एनएमडीए रिसेप्टरचा चॅनेल उघडा असतानाच आत शिरतं. इतर पेशींचा लगाम धरणाऱ्या गाबा पेशी सतत सिग्नल देतात, त्यांचे चॅनेल जास्त उघडे, म्हणून आधी त्याच गप्प होतात. लगाम सुटला की ग्लुटामेट उसळतं, एएमपीए रिसेप्टर (ग्लुटामेटचंच दुसरं दार) जागे होतात, बीडीएनएफ हे पेशी वाढवणारं प्रथिन सुटतं, एमटॉर हे नवी प्रथिनं बनवायला लावणारं बटण चालू होतं, नवे सिनॅप्स (पेशींमधले जोड) फुटतात. यातला एमटॉर आणि नव्या सिनॅप्सचा भाग अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डुमान यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांत दाखवला. औषध काही तासांत उतरतं, सिनॅप्स मागे राहतात. गोळ्यांनी सेरोटोनिन त्याच दिवशी वाढतं, पण मेंदू जुळवून घ्यायला आठवडे लावतो. (हा एकच मार्ग आहे असं मात्र छापू नका, हबेन्युला या मेंदूतल्या छोट्या भागावरच्या परिणामाचाही पुरावा आहे.)

भूलवाला (धुळे): मात्रा घरच्यांच्या पानावर नको, वॉर्डच्या पानावर लिहा. ०.५ मिग्रॅ प्रति किलो, ४० मिनिटांत. ६० किलोला ३० मिग्रॅ, म्हणजे ५० मिग्रॅ प्रति मिलीच्या कुपीतून ०.६ मिली, १०० मिली सलाईनमध्ये, पंप ताशी १५० मिली. १० मिग्रॅ प्रति मिलीची कुपीही येते. लेबल न वाचता हिशेब केला की मात्रा पाचपट, नाहीतर पाचवा हिस्सा. बीपी आधी आणि दर १०-१५ मिनिटांनी. मॉनिटर, ऑक्सिजन आणि श्वासमार्ग सांभाळणारा माणूस जवळ नसेल तर सुरूच करू नये. शरीरापासून सुटल्यासारखं वाटतं, ते साधारण दोन तासांत ओसरतं. त्या दिवशी मोटारसायकल नाही.

तापीकाठ: दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की घरचे गोळ्याच बंद करतात, त्याचं काय?

केळीबाग: हेच ठळक छापा. एका सलाईनचा परिणाम बहुधा आठवडाभरात ओसरतो, म्हणून सुरुवातीला आठवड्यातून दोनदा देतात, आणि गोळ्या चालूच. झोपेसाठी क्लोनाझेपाम असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, त्याने परिणाम बोथट होऊ शकतो. पण स्वतःहून एकदम सोडायचं नाही. सायकोसिस (भास-भ्रम होणारा आजार) किंवा बेकाबू बीपी असेल तर केटामाइन टाळतात. आणि पानाच्या डोक्यावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ मोठ्या अक्षरांत, चोवीस तास चालू असतो.