जुना लॅपटॉप घ्यावा की नको? तुमचे अनुभव लिहा

सुरंगी
पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या, बरण्या ठेवायला काल माळा रिकामा करत होते. आमसुलांच्या डब्यामागे काळी रेक्झिनची बॅग सापडली. उघडायच्या आधीच कळलं आत काय आहे ते. २०१४ साली म्हापशात घेतलेला जुना थिंकपॅड. झाकणावर कुंकवाचं बोट अजून आहे, त्या दसऱ्याला सासूबाईंनी लावलेलं. ई आणि के या दोन कळांवरची अक्षरं पार पुसली गेलीत. मराठी टायपिंगच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत काना आणि 'क' तिथेच ना.

११,००० दिले होते तेव्हा. माझे तीन महिन्यांचे शिकवणीचे पैसे. तसा नवा ३० हजारांच्या खाली नव्हता. "दुसऱ्याने टाकलेलं कशाला घेतेस" असं घरात प्रत्येकाने एकदा तरी म्हटलं. त्यावर एम.ए.चा प्रबंध लिहिला, ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, पाठीवरून नेला, पाच वर्षं चालला.

आता भावाच्या मुलीची बारावी झाली, बीसीएला जायचंय. भाऊ टेम्पो चालवतो, २०,०००च्या वर त्याला ओढाताण होईल. एका दुकानात १३,५००चा दाखवला: इंटेलचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, सहावी जनरेशन (प्रोसेसरची पिढी). किंमत बरी आहे, पण मन घेत नाही. तुम्ही जुना घेतला असेल तर कसा निभावला, कुठे फसलात, सगळं लिहा. तिला वाचायला देणार आहे.

फर्मागुडीचा_पोर
सहावी नको ताई. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. जुगाड करून विंडोज ११ बसवून देतात दुकानदार, पण पुढे अपडेट येतीलच याचा भरवसा नाही.

दुसरं म्हणजे "आय५ आहे" यावर जाऊ नका, पुढचा आकडा बघा. आय५-७२००यू म्हणजे सातवी, दोन कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग). आय५-८२५०यू म्हणजे आठवी, चार कोर. नाव एकच, आणि एका पिढीत कोर दुप्पट झालेत. मुलगी चार वर्षं वापरणार असेल तर आठवीच्या खाली उतरूच नका.

मालू_पेडणे
आमसुलं किती केलीस गो? आमच्याकडे यंदा रतांबे कमीच.

सुरंगी
@मालू दोन डबे झाले. उन्हं चांगली मिळाली.
@फर्मागुडी हेच हवं होतं. दुकानदाराने आकडा सांगितलाच नव्हता, नुसतं "आय५ आहे, फास्ट आहे".

दिगंबर_डिचोली
माझ्यावेळी टचपॅड दाबला जाईना. दुकानदार म्हणाला, जुना आहे, जरा घट्ट असतो, माऊस लावा. घेतला. घरी टेबलावर ठेवला तर डगमगतो. खाली कागदाची घडी घालून बसलो तीन दिवस. मग मेव्हण्याने उलटा करून बघितला, तर मधलं पत्र्याचं झाकण पोट आल्यासारखं वर आलेलं. बॅटरी फुगली होती, तीच टचपॅडला खालून रेटत होती. मेव्हण्याने तिथल्या तिथे बंद करायला लावला, चार्जर काढला, दुसऱ्या दिवशी बॅटरी बदलून घेतली. २,२०० गेले. आग लागली असती तर काय, या विचाराने घरचे आठवडाभर बोलत होते.

तेव्हा पहिलं काम, सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबून बघा. हलला तर विचारा का हलतो.

अबोली
बाप रे. आमच्याकडेही एक जुना पडलाय, आत्ताच जाऊन बघते.

अबोली
बघितला. सपाट आहे. 🙏

सातेरी
मी जिथे फसले ते दुकान नव्हतं, जाहिरात बघून घेतलेला. माणूस सभ्य वाटला, पर्वरीला रस्त्याकडेला गाडीतच दाखवला. आठवी जनरेशन, १६ जीबी, १५ हजार. दोन आठवडे लोण्यासारखा चालला. मग मुलाने विंडोज नव्याने टाकलं. वायफाय जोडल्याबरोबर पडद्यावर कुठल्याशा परराज्यातल्या कंपनीचं नाव आणि ऑफिसचा ईमेल-पासवर्ड मागणी. पुढे जाताच येईना. पुन्हा पुन्हा टाकून बघितलं, दरवेळी इंटरनेट लागलं की तेच. लॅपटॉप त्या कंपनीच्या यादीत नोंदवलेला होता आणि ती नोंद कुणी काढलेली नव्हती. त्या माणसाचा फोन बंद. पावती नाही. चोरीचा असेल का, या धास्तीने मी दोन रात्री झोपले नाही.

म्हणून सांगते, विकणाऱ्याला तुमच्यासमोर विंडोज रीसेट करायला लावा, तुमच्या मोबाईलचा हॉटस्पॉट जोडा, आणि डेस्कटॉप दिसेपर्यंत पैसे हातात ठेवा. बायोसला (विंडोजच्या आधी जे चालू होतं त्याला) पासवर्ड आहे का तेही चालू करतानाच बघा. वेळ लागतो म्हणून कुरकुरले तरी बसून राहा.

दिगंबर_डिचोली
@सातेरी वाईट वाटलं वाचून. १५ हजार म्हणजे काही थोडे नव्हेत. पोलिसांत गेला होता?

सातेरी
गेले होते. अर्ज दिला, लॅपटॉप तिथेच जमा केला. मनावरचं ओझं उतरलं, पैसे गेले ते गेले.

मांडवी_एक्सप्रेस
मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात, जाऊन घ्या असं कुणी सांगेल तर थांबा जरा. मी गेलो होतो. मडगावहून मांडवी एक्सप्रेस, सकाळी बसलो की रात्री सीएसएमटी. गाडीतलं खाणं एवढं येतं की वेळ कसा जातो कळत नाही. रत्नागिरीच्या पुढे तर मी भजी आणि चहा यावरच होतो. असो.

माल भरपूर, भाव पणजीपेक्षा अडीच हजारांनी कमी. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून भाड्याचे लॅपटॉप परत करतात, तोच माल. मीही खुश. पण दीड महिन्याने स्क्रीन एका कोनात उघडली की लुकलुकायला लागली. बिजागरीतून जाणारी केबल. वॉरंटी होती तीन महिन्यांची, पण ती दुकानाची, आणि दुकान मुंबईत. जाऊन-येऊन तिकीट, एक मुक्काम, वाचवलेले अडीच हजार तिथेच संपले. तेव्हा पाचशे-हजार जास्त गेले तरी चालतील, बसने जाऊन परत देता येईल अशा दुकानातून घ्या.

बिजागरी बघताना झाकण हळूहळू पूर्ण मागे नेऊन आणा, चित्राकडे लक्ष ठेवून. मी फक्त आवाज करते का ते बघितलं होतं.

मालू_पेडणे
मांडवीतली भजी 😋 मी बाळंतपणाला माहेरी येताना शेवटची खाल्ली, मुलगा आता नववीत आहे

वाळपईकर
सत्तरी तालुक्यात राहणाऱ्याला विचारा बॅटरी म्हणजे काय. जूनमध्ये एक फांदी तारेवर पडली की संध्याकाळपर्यंत लाईट नाही. दुकानात लॅपटॉप सतत चार्जरवर लावलेला असतो, काढायला लावा. आणि हे नक्की करा: कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' असं टाईप करा (इंग्रजीतून). एक फाईल तयार होते, ब्राउझरमध्ये उघडते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता, दोन्ही लिहिलेल्या असतात. पन्नास हजार होती आणि आता वीस हजारच भरते असं दिसलं की नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागायचे. मी असे १,८०० कमी करून घेतले, भांडण न करता. आकडाच समोर होता.

मी थिंकपॅड टी४८० घेतला तो यासाठीच. एक बॅटरी आत, एक मागून काढता येणारी. आतली चालू असताना मागची बदलता येते, बंद करावा लागत नाही. गेल्या पावसात मुलीचा ऑनलाइन तास एकदाही बुडाला नाही.

आणि दमट हवा. चार महिने बॅगेत बंद ठेवलात तर बॅगेला बुरशी येते आणि पोर्टना गंज. वापरात असलेला लॅपटॉप स्वतःच्या उबेने कोरडा राहतो. ठेवायचाच असेल तर सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. समुद्राकाठच्या घरातून आलेला असेल तर यूएसबीची भोकं टॉर्च लावून बघा, हिरवट-पांढरं काही दिसलं तर सोडून द्या.

अबोली
सिलिका जेल कुठे मिळतं? बुटांच्या खोक्यात येतं तेच ना

वाळपईकर
@अबोली तेच. म्हापशाला हार्डवेअरवाल्याकडे विचारा, नाहीतर ऑनलाइन.

साखळीचा_डीटीपी
माझ्याकडे अजून विंडोज ७ आहे. जत्रेच्या पत्रिका, बारशाच्या, वर्षश्राद्धाच्या, सगळं पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्राममध्ये. मराठी फॉन्टचं डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) नव्या मशीनवर ओळखतच नाही. इंटरनेट जोडत नाही त्याला, पेनड्राईव्हने फाईल नेतो. गेल्या चतुर्थीला हार्ड डिस्क करकरायला लागली तेव्हा हातपाय गळाले, वीस वर्षांच्या फाईली. एका पोराने एसएसडीवर (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) जशीच्या तशी कॉपी करून दिली. आता इतकं पटकन चालू होतं की मीच दचकतो. म्हणजे तुमच्या भाचीला हे नको, पण एसएसडी नसलेला लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी एसएसडीचे पैसे धरूनच हिशोब करा.

फर्मागुडीचा_पोर
+१. एसएसडी असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पेनड्राईव्हवर घेऊन जा. डिस्कची तब्येत टक्क्यांत आणि एकूण किती तास चालली ते दाखवतं.

कुळागर
सहावीवाला अगदीच वाया नाही हं. माझ्याकडे तसलाच आहे, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकलीय. ब्राउझर, लिब्रेऑफिस, मराठी टायपिंग, सी, जावा, पायथन सगळं चालतं, अपडेट वेळेवर येतात. पण १३,५०० फार झाले त्याचे. ७-८ हजारांना देत असेल आणि मुलीला आवड असेल तरच.

सुरंगी
@कुळागर प्रॅक्टिकलला सर विंडोजवर शिकवतात म्हणे. पहिल्याच वर्षी ती एकटीच वेगळी पडायला नको.

कुळागर
बरोबर. मग आठवीच बघा.

नीलपंख
मॅकबुक एअर जुनं घेतलं तर? २०१७चं एक १६ हजारांना आहे

फर्मागुडीचा_पोर
@नीलपंख नको. २०१७ची एअर मॅकओएसच्या मॉन्टेरी या जुन्या आवृत्तीपर्यंतच जाते, रॅम वाढवता येत नाही. आणि आधीच्या मालकाचं अकाउंट निघालंय का ते समोर बघितल्याशिवाय कुठलंच जुनं ॲपलचं घेऊ नका.

यशोदा_मये
मला लॅपटॉपमधलं काही कळत नाही. पण एक सांगावंसं वाटतं.

माझ्या मोठ्याला दोन वर्षांपूर्वी जुना घेतला. वडील नाहीत त्याला. मी आंगणवाडीत. आणला त्या दिवशी तो काही बोलला नाही, जेवला, झोपायला गेला. रात्री पाणी प्यायला उठले तर हा अंधारात बसून झाकणावरचा कुणाचातरी कंपनीचा स्टिकर नखाने खरवडत होता. डोळे ओले. वर्गात सगळ्यांचे नवे होते. मी त्याला काही म्हटलं नाही. स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची वाटी आणली, त्याच्या शेजारी बसले, दोघांनी मिळून तो चिकटा काढला. अर्धा तास लागला. मग म्हणाला, आई कीबोर्ड चांगला आहे गं याचा.

किंमत ठरवताना मुलीला सोबत न्या सुरंगीताई. मी एकटी जाऊन घेऊन आले होते. त्याने स्वतः निवडला असता तर ती रात्र आली नसती असं मला अजून वाटतं.

सातेरी
यशोदाताई 🙏 डोळ्यांत पाणी आलं.

साखळीचा_डीटीपी
तो काय करतो आता?

यशोदा_मये
डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. तोच लॅपटॉप आहे.

मांडवी_एक्सप्रेस
बस पकडायला धावतोय, संध्याकाळी लिहितो. यशोदाताईंचं वाचून थांबलो होतो.

सुरंगी
शनिवारी जाऊन आलो. मी, भाऊ आणि भाची. सगळे प्रतिसाद तिने वहीत उतरवून घेतले होते, दुकानात वही उघडूनच बसली. आधी टेबलावर ठेवून कोपरे दाबले. मग नोटपॅड उघडून एकेक कळ दाबली, उजवीकडची शिफ्ट अडकत होती. स्क्रीनवर डाग आहेत का बघायला पांढरा पडदा, काळा पडदा. झाकण पूर्ण मागे. रीसेट करायला सांगितलं तेव्हा दुकानदार म्हणाला पाऊण तास लागेल. भाऊ म्हणाला, लागू दे, मी चहा सांगतो. माझ्या हॉटस्पॉटवर सरळ डेस्कटॉप आला तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला.

टी४८०च घेतला, आय५-८२५०यू, ८ जीबी, २५६ची एसएसडी. आतली बॅटरी २४,०००पैकी १९,००० भरते, मागची मात्र निम्म्यावर आलीय. मागची बॅटरी आणि शिफ्टची कळ दाखवून १,२०० कमी झाले. १७,८०० दिले. पावतीवर सीरियल नंबर लिहून घेतला, तीन महिन्यांची वॉरंटी, दुकान म्हापशातच. रॅमची एक जागा रिकामी आहे, पण सध्या रॅम फार महाग झालीय, पुढच्या वर्षी बघू.

घरी आल्यावर तिने माझा जुना मागून घेतला आणि दोन्ही शेजारी ठेवले. कीबोर्डवरचा लाल ठिपका दोघांनाही आहे, तेवढंच बघून हसत होती.

वाळपईकर
मस्त व्यवहार. मागची बॅटरी घेताना भागाचा नंबर जुन्या बॅटरीवरचा बघून घ्या, पातळ आणि जाड अशा दोन येतात.

यशोदा_मये
तिला आशीर्वाद सांगा.

मालू_पेडणे
बरं झालं गो. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात येतेय, कोकमचं आगळ आणते तुला. बॅग आहे का तिच्याकडे? माझ्या मुलाची एक पडून आहे.

सुरंगी
आगळ आण. बॅग नको, ती काळी रेक्झिनचीच धुऊन उन्हात टाकलीय. चेन तेवढी नवी लावायला हवी, शुक्रवारी तिथेच टाकू.