‘ताबा सुटला’, ‘मानवी चूक’ आणि ‘हलगर्जीपणा’

राजारामपुरी:
स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी मराठी शिकवते. ८ डिसेंबर २०२१ च्या कुन्नूर हेलिकॉप्टर अपघातावर उतारा लिहायला दिला होता. बहुतेकांनी ‘वैमानिकाचा ताबा सुटून हेलिकॉप्टर कोसळले’ असं लिहिलं. काहींनी वर ‘हलगर्जीपणामुळे’ही जोडलं. जनरल बिपीन रावत यांच्यासह तेरा जण त्या दिवशी गेले आणि ग्रुप कॅप्टन वरुण सिंग आठवड्याने. अशा विषयात शब्द वाकडा पडू नये असं मनापासून वाटतं. काय लिहायला सांगू?

शाहूपुरी:
ताई, दोन्ही शब्द खोडायला सांगा. तिन्ही सेनादलांच्या चौकशीचा प्राथमिक निष्कर्ष जानेवारी २०२२ मध्ये आला. यांत्रिक बिघाड, घातपात आणि हलगर्जीपणा ही तिन्ही कारणं त्यात स्पष्टपणे नाकारली आहेत. दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि ते जमिनीवर आदळलं, असा तो निष्कर्ष आहे. या प्रकाराला तांत्रिक भाषेत जी संज्ञा आहे तिचा अर्थच मुळी ‘यान ताब्यात असताना जमिनीला धडकणं’ असा आहे. म्हणजे यंत्र ठणठणीत, वैमानिकाचे हात नियंत्रणांवर, फक्त समोर डोंगर आहे हे कळलं नाही. ‘ताबा सुटला’ म्हणजे याच्या नेमकं उलटं झालं. घाटातल्या ट्रकच्या बातमीतलं ते वाक्य हाताला इतकं बसलंय की हवेतल्या अपघातालाही तेच चिकटतं.

पन्हाळा:
दिशाभ्रम हा शब्द मला तोकडा वाटतो. आमच्याकडे पावसाळ्यात तीन दरवाजापाशी धुकं उतरलं की चार हातांवरचं दिसत नाही. वाट चुकली की लोक ‘चकवा लागला’ म्हणतात. तो शब्द का नको?

शाहूपुरी:
शब्द देखणा आहे दादा, पण चकव्यात माणसाचे पाय जमिनीवर असतात. इथं वर-खाली, तिरपं-सरळ हेच कळेनासं होतं. कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांतल्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला वळण कळतं. वळण संथ आणि एकसारखं राहिलं की तो द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि आपण सरळच चाललोय असं वाटतं. डोळ्यांना क्षितिज दिसत असेल तर ही फसगत लगेच उघडी पडते, ढगात क्षितिजच नसतं. मग भरवसा फक्त उपकरणांवर, आणि डोंगराळ भागात खालून उडताना विचाराला काही सेकंदच मिळतात. म्हणून मी ‘दिशाभ्रम’ ठेवतो, पण पहिल्यांदा वापरताना एका ओळीत अर्थ सांगतो.

मंगळवार पेठ:
पण डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात या अपघातापुढं ‘मानवी चूक’ असंच कारण आलं की! मग मुलांचं काय चुकलं?

शाहूपुरी:
चूक आणि हलगर्जीपणा यांत फार अंतर आहे, भाऊ. चूक कसोशीने काम करणाऱ्याकडूनही होते. हलगर्जीपणा म्हणजे घ्यायची ती काळजीच न घेणं, त्यात दोषारोप आला. पहिला निष्कर्ष हलगर्जीपणा नाकारतो, दुसरा चूक नोंदवतो. दोन्ही एकत्र खरे असू शकतात. नागरी विमानांच्या बाबतीत तर आंतरराष्ट्रीय नियमच आहे की अपघाताच्या चौकशीचा हेतू पुन्हा तसं घडू नये एवढाच, कुणावर ठपका ठेवणं हा नव्हे. त्यामुळं ‘दोषी कोण’ याचा शोध चालतो तिथं मी ‘पोलीस तपास’ लिहितो, ‘काय घडलं’ याला ‘चौकशी’. गेलेल्या वैमानिकाला उत्तर देता येत नाही. त्याच्या नावापुढं ‘हलगर्जी’ लिहिण्याआधी अहवाल वाचायलाच हवा.

राजारामपुरी:
मग वाक्य असं देते: ‘ढगात शिरल्यावर वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि हेलिकॉप्टर कोसळले.’

शाहूपुरी:
‘कोसळले’ऐवजी ‘जमिनीवर आदळले’ करा. कोसळण्यात आधार सुटून खाली पडणं येतं, इथं ते उडता उडता धडकलं. बाकी वाक्य चोख आहे.