बारा दिवसांचं बाळ, दिवसातून आठ वेळा पिवळी पातळ शी. हगवण समजायची का?

प्रश्न (आशा सेविका, दारव्हा तालुका)
बाळ फक्त अंगावर पितं. जन्माचं वजन २.६ किलो, आज २.७. पाजलं की लगेच शी, पिवळी पातळ, त्यात फुटलेल्या दुधासारखे कण. आजी म्हणून राहिली, हगवण लागली, जायफळ उगाळून द्या. घरच्यांना काय सांगू?

उत्तर (स्टाफ नर्स)
ही हगवण नाही. पोटात दूध गेलं की आतडं हलतं, म्हणून पाजल्याबरोबर शी होते. पहिले एक-दोन दिवस काळी चिकट, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट, पाचव्या दिवसाच्या आसपास पिवळी, हाच क्रम असतो. जन्माचं वजन भरून निघालं, म्हणजे दूध पुरतंय. आता रोज २०-३० ग्रॅम वाढ आणि दिवसाला सहा तरी लघव्या दिसल्या पाहिजेत. चौदाव्या दिवसाच्या भेटीत पुन्हा वजन घ्या.

हगवण असली की शी एकदम वाढते, नुसतं पाणी होतं, लंगोटात जिरून जातं आणि डागच उरतो. बाळ मलूल पडतं, ओढून पीत नाही. तेव्हा दूध बंद करायचं नाही, दवाखाना गाठायचा.

जायफळ नकोच. त्यानं सुस्ती येते, अन् सहाणेचं पाणी कुठलं, हात धुतले का, कोण पाहतं? घुटी, मध, ग्राइप वॉटरही नको. मधातल्या जंतूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो. आजीला 'तुमचं चुकलं' म्हणू नका, वजनाचा आकडा दाखवा. तो पटतो.

उत्तर (आरोग्यसेविका)
उलटा घोळ पुढं होतो. सहा आठवड्यांनंतर अंगावरचं बाळ चार-पाच दिवस, कधी आठवडाभर शी करत नाही. मऊ होत असेल, पोट फुगलं नसेल, तर तो बद्धकोष्ठ नाही. कुंथणं, तोंड लाल होणंही चालतं. मात्र एरंडेल लावलेला पानाचा देठ किंवा साबणाची कांडी आत घालू देऊ नका, जखम होते. पहिल्या महिन्यात शी दिवसाला तीनच्या खाली आली आणि लघवीही कमी, तर पाजण्याची पकड तपासा: तोंड मोठं उघडं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली.

उत्तर (वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र)
कितीदा होते यापेक्षा रंग पाहा, तोही उजेडात. पिवळा, हिरवा, तपकिरी चालतो. पांढरट, खडूसारखा किंवा मातकट फिका चालत नाही. सोबत लघवी गडद पिवळी, लंगोटाला डाग पाडणारी, आणि कावीळ १४ दिवसांपुढे रेंगाळलेली असेल, तर पित्तनलिका बंद असू शकते. त्याचं ऑपरेशन ६० दिवसांच्या आत झालं तर गुण येण्याची शक्यता जास्त. उन्हात धरून वाट पाहत बसलं की हेच दिवस वाया जातात.

जन्मल्यापासून २४ तासांत काळी शीच झाली नाही, हिरवी उलटी, फुगलेलं ताठ पोट, शीमध्ये रक्त, किंवा पिवळी सुरू झाल्यावर पुन्हा काळी, यांपैकी काहीही दिसलं की १०२ ला फोन करून जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात न्या. वाटेत पीत असेल, तर पाजणं चालू ठेवा, पण हिरवी उलटी किंवा पोट फुगलेलं असेल तर तोंडानं काही देऊ नका. डाग पडलेलं लंगोट पिशवीत घालून सोबत आणा.