मदत हवी आहे : पोलोला १६ इंची अलॉय बसवायचे आहेत, ऑफसेट ३५ घ्यावा की ४०?

नमस्कार मंडळी,

गाडी २०१२ची पोलो हायलाइन, पेट्रोल. मूळ अलॉय १५ इंची. रिमच्या मागे कोरलेलं आहे : ६ जे × १५, ईटी ४० (६ जे म्हणजे ६ इंच रुंद रिम; ईटी म्हणजेच ऑफसेट, रिमच्या मध्यरेषेपासून चाक हबला टेकतं तिथपर्यंतचं अंतर, मिमीत). टायर १८५/६० आर१५ (रुंदी १८५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची), आणि ते आता पार झिजलेत. टायर घ्यायचेच आहेत तर सोबत १६ इंची अलॉयही घ्यावेत, असं बरेच दिवस मनात आहे. टायर १९५/५५ आर१६ घेणार, कारण नंतरच्या पोलो जीटीला कंपनीनेच तो साइज दिला होता.

पीसीडी ५×१०० आहे (पाच बोल्ट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर), आणि रिमचं हबवर बसणारं मधलं भोक ५७.१ मिमी. यात अडचण नाही, अडलंय ते ऑफसेटवर. दुकानात दोन सेट दाखवले :

पहिला – १६ × ७ जे, ईटी ३५
दुसरा – १६ × ६.५ जे, ईटी ४०

पहिला सेट दिसायला फारच देखणा आहे. चाक मडगार्डच्या कडेला येतं आणि गाडी रुंद, बसकी वाटते. दुकानदार म्हणतो, "पाच मिमीचा तर फरक आहे, बिनधास्त घ्या." मला हे पटत नाहीये, कारण रिमची रुंदीही बदलते आहे. म्हणून घरी हिशेब मांडला. हबला चाक जिथे टेकतं तिथपासून रिमची बाहेरची कड किती लांब आणि आतली किती, एवढंच काढायचं. रुंदी निम्मी करायची; त्यातून ईटी वजा केला की बाहेरची बाजू, मिळवला की आतली.

मूळ चाक : ६ इंच म्हणजे १५२.४ मिमी, निम्मे ७६.२. बाहेर ३६.२, आत ११६.२.
७ जे ईटी ३५ : निम्मे ८८.९. बाहेर ५३.९, आत १२३.९.
६.५ जे ईटी ४० : निम्मे ८२.५५. बाहेर ४२.५५, आत १२२.५५.

म्हणजे दुकानदाराच्या "पाच मिमी"त रिमची कड प्रत्यक्षात जवळपास १८ मिमी बाहेर येते, आणि आतही पावणेआठ मिमी सरकते. दुसऱ्या सेटमध्ये दोन्हीकडे साधारण सव्वासहा मिमी.

गाडी रोजची आहे. वर्षातून काही वेळा चौघं मोठी माणसं, डिकी भरून सामान, आणि ताम्हिणीतून कोकणात. पावसाळ्यानंतर त्या रस्त्यांचे काय हाल असतात ते इथे सगळ्यांना माहीत आहे. मागच्या सीटवर आई-बाबा असतात, प्रत्येक खड्ड्यात टायर मडगार्डला घासत असेल तर ते मला चालणार नाही.

प्रश्न असे :
१. हिशेब बरोबर आहे का?
२. ईटी ३५ घेतला तर घासेल का, आणि घासलं तर कुठे?
३. बेअरिंग आणि स्टेअरिंगवर खरंच फरक पडतो का?

अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद :

हिशेब अगदी बरोबर आहे. दुकानात जाण्याआधी कागदावर एवढं मांडणारे फार थोडे, त्यामुळे उत्तर द्यायला आनंद वाटतो. फक्त हा हिशेब रिमचा आहे, आणि घासतो तो टायर. म्हणून आणखी एक पायरी चढा.

१८५/६० ची रुंदी ५.५ इंची रिमवर मोजलेली असते आणि १९५/५५ ची ६ इंची रिमवर. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाली की टायर सुमारे ५ मिमी फुगतो. म्हणजे तुमचा आत्ताचा टायर ६ जेवर साधारण १९० मिमी आहे. १९५ चा टायर ६.५ जेवर २०० आणि ७ जेवर २०५ होईल. आता तोच हिशेब टायरच्या फुगवट्याला लावा. ७ जे ईटी ३५ मध्ये टायर आजच्यापेक्षा साडेबारा मिमी बाहेर येतो आणि अडीच मिमी आत जातो. ६.५ जे ईटी ४० मध्ये दोन्हीकडे पाच-पाच मिमी.

दुसरी गोष्ट उंचीची. १८५/६० आर१५ चा व्यास ६०३ मिमी, १९५/५५ आर१६ चा ६२१. व्यास १८ मिमी वाढला म्हणजे टायरचा माथा मडगार्डच्या कमानीच्या ९ मिमी जवळ गेला. एकटे गाडी चालवताना हे जाणवणार नाही. मागे दोन माणसं आणि डिकी भरली की मागची बाजू बसते, आणि त्यात खड्डा आला की टायर थेट कमानीच्या दुमडलेल्या पत्र्यापर्यंत वर जातो. बाहेर आलेला साडेबारा मिमी तिथेच नडतो. तुमच्या वापरात ईटी ३५ घासला तर आधी मागे, कमानीच्या बाहेरच्या कडेला घासेल. पुढे स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या लाइनरला लागू शकतो.

हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका, आपल्या गाडीवर मोजा. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि मागच्या कमानीच्या कडेवरून, बरोबर चाकाच्या मधोमध सोडा. दोरा आणि टायरचा फुगवटा यांत किती अंतर राहतं ते पट्टीने मोजा. आधी रिकाम्या गाडीला, मग चौघांना बसवून आणि सामान भरून. कडेचा पत्रा आत किती दुमडलेला आहे तेही बोटाने चाचपा, खरी अडचण त्या दुमडीची असते. आतल्या बाजूसाठी शॉकअपच्या नळीवर, टायरच्या समोर, मुलांच्या खेळातल्या मऊ क्लेचा गोळा चिकटवा आणि गाडी हळू फिरवून आणा. नंतर क्लेची जाडी मोजली की टायर आणि नळी यांत किती जागा आहे ते कळतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : हो, पडतो. ऑफसेट कमी केला की चाकाची मध्यरेषा हबपासून बाहेर सरकते. बेअरिंगवर भार लांबून पडतो. स्टेअरिंग ज्या अक्षाभोवती वळतं तोही टायरच्या मध्यापासून पूर्वीच्या अंतरावर राहत नाही, त्यामुळे खड्ड्यात एक चाक आपटलं की झटका हातात जास्त येतो. पाच मिमीने गाडी बिघडत नाही. पण त्याच वेळी चाक जड होतं आणि टायरची भिंत १११ वरून १०७ मिमीवर येते. हे सगळं एकत्र जाणवतं. पुढे कुणी चाक आणखी बाहेर आणायला स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायची चकती) सुचवला तर माझं स्पष्ट मत आहे, घालू नका.

मी तुमच्या जागी असतो तर ६.५ जे ईटी ४० डोळे झाकून घेतला असता. ७ जे ही १९५/५५ साठी चालणाऱ्या रिमची कमाल रुंदी आहे. टायर ताणून बसतो, रिमची कड उघडी पडते आणि खड्ड्याचा मार थेट तिच्यावर येतो. कोकणात जाणाऱ्या गाडीला हे नको. शिवाय जमलं तर एखाद्या पोलो जीटीच्या मूळ १६ इंची रिमच्या मागचा आकडा वाचून या. कंपनीने ज्या रुंदीला जो ईटी दिला, त्यापेक्षा चांगला आधार नाही.

दुसरा प्रतिसाद :

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. ऑफसेट ठरला की लोक बोल्ट विसरतात, म्हणून लिहितो. पोलोचे मूळ बोल्ट १४ मिमीचे आणि त्यांची बैठक, म्हणजे बोल्ट रिमला जिथे टेकतो तो भाग, गोलाकार असते. बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूची बैठक असते. गोल बोल्ट शंकूत आवळले की ते कडेवरच टेकतात आणि चालता चालता सैल होतात. त्यामुळे अलॉयसोबत शंकूचे बोल्ट घ्या, आणि हातानेच सुरू करून किमान साडेसात फेरे आत जातात ना ते पाहा. आवळणी १२० न्यूटन-मीटर, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. नव्या अलॉयचं मधलं भोक ७३.१ चं असेल तर ते हबवर घट्ट बसवणारी ५७.१ ची रिंग हवीच, नाहीतर ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. रिमवर जेडब्ल्यूएलचा (अलॉय चाकांच्या जपानी मानकाचा) शिक्का आणि कमाल भाराचा आकडा आहे का, तेही बघून घ्या.

धागाकर्ता :

दोघांचेही मनापासून आभार. ओळंबा लावून पाहिला. गाडी रिकामी असताना अंतर भरपूर वाटलं होतं, पण घरच्यांना बसवून डिकी भरल्यावर टायर चांगलाच वर गेला, आणि आतली दुमड बोटाला टोचण्याइतकी पुढे आहे. ईटी ३५ रद्द. ६.५ जे ईटी ४० चा सेट ठेवायला सांगितला आहे. एकच शंका उरली : स्टेपनी मूळ लोखंडी रिमवरच राहणार, तिला नवे शंकूचे बोल्ट चालतील का?

दुसरा प्रतिसाद :

नाही. स्टेपनीला मूळ गोल बैठकीचेच लागतात. जुन्यांपैकी पाच बोल्ट कापडात गुंडाळून जॅकच्या शेजारी ठेवा, आणि घरात जो कुणी गाडी चालवतो त्याला कुठले बोल्ट कुठल्या चाकाला ते दाखवून ठेवा. स्टेपनीचा व्यासही थोडा लहान असेल, त्यामुळे ती लावून फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत, तेही सावकाश.